बायांची नावं कुठायत?

"कराराला बसायचं तर आधी गावात जागा लागते, बाई."

सर असं म्हणाले आणि अख्खा वर्ग हसला. साठ-सत्तर पोरं. पुढच्या बाकावरच्या तीन मुलीसुद्धा.

मी उभीच होते. नगरच्या कॉलेजात बी.ए.चं पहिलं वर्ष. आमच्या महारवाड्यातून कॉलेजात गेलेली पहिली पोर. सर राज्यशास्त्र शिकवत होते. फार पूर्वी राज्य नव्हतं, राजा नव्हता, सगळी माणसं मोकळी आणि सारखी. मग ती एकत्र आली, सगळ्यांनी राजीखुशीनं करार केला, त्यातून राज्य झालं. म्हणून राज्याचं ऐकायचं. आपणच हो म्हणालोय.

मी एवढंच विचारलं होतं, "सर, सगळ्यांनी म्हणजे कुणी? बाया होत्या का त्यात? वेशीबाहेरची माणसं होती का?"

हसणं ओसरल्यावर सर म्हणाले, "स्कॉलरशिप मिळतेय ना? मग बसा खाली."

मी बसले. कान तापलेले. ते हसले याच्यापेक्षा मी बसले, हेच जास्त लागलं.

ते दुष्काळाचं साल. उन्हाळ्याच्या सुटीत गावी गेले. एस.टी.तून उतरले तर आधी वास आला. ओढ्याच्या कडेला मेलेली ढोरं पडलेली, फुगलेली. गिधाडं इतकी खाऊन बसलेली की माणूस जवळ गेलं तरी उडत नव्हती. आमच्या माणसांनी धम्म घेतला तेव्हाच मेलेलं ढोर ओढायचं सोडलं होतं. गाव हात लावणार नव्हतं. ढोरं तिथंच.

पाणी उरलं होतं एकाच ठिकाणी. दुष्काळी कामावर खोदलेल्या नव्या विहिरीत. तिच्यातली माती पाट्यांनी वर आणली ती बायांनी. आमच्याच जास्त. माझी आई त्यांत होती. पाटी वाहून वाहून तिच्या टाळूवरचे केस गेले होते. पाणी लागलं त्या दिवशी गावानं नारळ फोडला आणि आमच्या बायांना सांगितलं, आता लांब उभ्या राहा.

मी आल्यानंतर चार दिवसांनी चावडीपुढं बैठक बसली. पाटील ओट्यावर. गाव सतरंजीवर. आमचे अकरा बाप्ये खाली मातीत. बाई एक नाही. मला बोलावणं आलं ते पाण्याच्या कराराचा कागद वाचायला.

पाटील म्हणाले, "तुमचीच पोर शिकल्याली हाय. तीच वाचंल. मागनं फसवलं म्हनू नका."

मी वाचायला लागले. 'आम्ही खाली अंगठा करणार राजीखुशीने लिहून देतो की...' गाव विहिरीचं पाणी आमच्यासाठी हौदात सोडणार. आमच्यातल्या कुणी विहिरीच्या काठावर चढायचं नाही. त्याखालची ओळ शाईनं खोडलेली. मेलेली ढोरं ओढायची अट होती ती. माझ्या बापानं भांडून खोडायला लावली होती. माझी छाती भरून आली.

मग पुढची ओळ वाचली. 'त्याऐवजी महारवाड्यातील बायकांनी रोज सकाळी गावचे गोठे झाडावेत, शेणघाण काढावी. मोबदला मागू नये.'

ढोर ओढायला नाही म्हणताना आमच्या बाप्यांची मान ताठ होती. बायांना गोठ्यात धाडायचं कबूल करतानाही ताठच राहिली. वाकणार होती ती दुसऱ्याची पाठ. वर्गात विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर माझ्या हातात होतं. सगळ्यांनी. राजीखुशीनं.

मी म्हणाले, "ह्यात बायांची नावं कुठायत?"

पाटील चिडले नाहीत. हसले. "घरधनी बोलला म्हंजी बाई बोलली." मग माझ्या बापाकडं बघून, "काय रं?"

बाप पाटलाकडं बघत नव्हता. माझ्याकडं बघत होता. "गप ऱ्हा. बायामान्सानं चावडीवर तोंड उघडू न्हाई."

पाटलाच्या ओट्याला माझ्या बापाचं बोट लागलेलं चाललं नसतं. पण त्या एका वाक्यापुरते दोघं शेजारी बसले. मग त्यानं अंगठा केला. बाकीच्या दहांनीही केला.

मी तडक घरी आले. आई सरकारी मिलो ज्वारी निवडत बसली होती. वाड्यातल्या बाया गोळा झाल्या. मी सगळं सांगितलं. कुणी रडलं नाही. आई म्हणाली, "आमाला कवा इचारलं?"

दिवेलागणीला बाप आला. म्हणाला, "चार मान्सांत शबुद दिलाय मी."

"तुमी दिला," आई म्हणाली. "मी न्हाई दिला. हात माजं हायेत."

बापाचा हात वर गेला. आई हलली नाही. त्यानं रिकामा हंडा लाथाडला आणि बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी एकही बाई गोठे झाडायला गेली नाही. गावातून कुणी ओरडलं नाही, कुणी विचारायला आलं नाही. त्या शांततेचीच भीती वाटायला लागली. दुपारी हौदाचं पाणी बंद झालं. त्याच्या दुसऱ्या दिवशी उजाडलं तर आमच्या गल्लीच्या तोंडाशी मेलेला बैल. ज्या गावाला ढोर ओढता येत नव्हतं, त्यानं तो तिथवर ओढून आणला होता. लहान पोरं नाक दाबून घरात बसली. म्हाताऱ्या म्हणायला लागल्या, जा गं, झाडून या, जीव तरी वाचंल.

तिसऱ्या सकाळी आम्ही चौदा बाया हंडे घेऊन विहिरीवर गेलो. काठावर काठ्या घेऊन गावची माणसं. पाटील हळू आवाजात मला म्हणाले, "पोरी, तुजं कॉलेज लांब हाय. रस्ता सुनसान हाय. इचार कर."

मी पोहऱ्याला दोर बांधला, तर गाठ बसेना. आईनं दोर हातातून घेतला, गाठ मारली आणि काठावर चढली. मी तिच्या मागं. मागून दगड आला. आईच्या भुवईवर लागला. तिनं आधी पोहरा वर ओढला, हंडा भरला, मग पदरानं रक्त पुसलं. काठ्या उचलल्या गेल्या, पण पडल्या नाहीत. चौदा हंडे भरले.

त्या दिवसापासून आम्ही पाण्याला एकट्यादुकट्या कधी गेलो नाही. गिरणीनं आमचं दळण बंद केलं. शेतावर कुणी बोलावेना. दोन घरं गाव सोडून गेली. जाताना त्यांतली एक बाई माझ्याकडं बघून थुंकली. तिचंही खोटं नव्हतं.

सुटी संपायच्या आत बेलापूरकडची माणसं आली. बापानं परस्पर माझं लग्न ठरवलं होतं. पोर हाताबाहेर जायच्या आत. सुपारी ताटात होती. मी उंबऱ्यात उभी राहून सगळ्यांच्या देखत म्हणाले, "मी हो म्हणलेलं नाही."

बापानं कानफटात मारली. डोळ्यांपुढं अंधारी आली. मी तिथून हलले नाही. पुन्हा तेच म्हणाले, मोठ्यानं, पाहुण्यांना नीट ऐकू जाईल असं.

पाहुणे उठले. बाप म्हणाला, "आता ह्या घरात तुला जागा न्हाई."

मी वह्या पिशवीत भरल्या. बाप असो, पाटील असो, नाहीतर सगळा गाव. माझ्या नावानं दुसऱ्यानं केलेला अंगठा मी मानणार नाही.