तांबड्या पेन्सिलीचा शेरा

फौजदार सरांच्या हातात कुणी चित्र दिलं की सर ते आधी उलटं करायचे. मग खिडकीपाशी जाऊन कागद उजेडात धरायचे, पाठीवरून बोट फिरवायचे, नाकाशी नेऊन रंगाचा वास घ्यायचे आणि एवढं सगळं झाल्यावर, मनात असलंच तर, चित्र बघायचे. चित्र काढणारं पोर तोवर समोर उभं राहून घामाघूम झालेलं असायचं. "म्होरनं सगळीच देखणी असत्यात. पाठीमागं बघितलं की खरं कळतं," असं त्यांचं म्हणणं. सर पोलीस खात्यात कधीच नव्हते. चौतीस वर्षं त्यांनी शाळेत चित्रकला शिकवली. फौजदार हे नाव आम्हा विद्यार्थ्यांचं, आणि ते त्यांना माहीत होतं. कुणी ठेवलं याचा तपासही त्यांनी केला होता म्हणे.

संशय हा त्यांचा स्थायीभाव होता. कोल्हापूरच्या गंगावेशीत म्हशीचं ताजं दूध प्यायला गेले, तर म्हैस समोर, पिळणारा समोर, पेला स्वतःच्या हातात, तरी सर पहिला घोट तोंडात घोळवत त्या माणसाकडे टक लावून बघायचे. एकदा त्याने विचारलं, "सर, आता म्हशीच्या पोटात शिरून पाणी घालू व्हय?" सर गंभीरपणे म्हणाले, "तुझं काय सांगावं."

आमची ओळख शाळेपासूनची, पण सहवास घडला तो मी संस्थेच्या ऑफिसात कामाला लागल्यावर. आमची संस्था लहान आहे. खेड्यापाड्यांतून मोठ्या दवाखान्यात उपचारांसाठी आलेल्या मुलांच्या आईवडिलांना राहायला खोली आणि दोन वेळचं जेवण द्यायचं, एवढंच तिचं काम. त्यासाठी दर दिवाळीला आम्ही मुलांची चित्रस्पर्धा घेतो. निवडलेल्या चित्रांची भेटकार्डं छापतो आणि शाळा, दुकानं, कारखाने ती विकत घेतात. मोबाइलवर फुकटात शुभेच्छा पाठवायच्या दिवसांतही वारणानगरच्या कॉलनीतून आणि मलकापूरच्या व्यापाऱ्यांकडून मागणी येते, कारण लोकांना माहीत असतं की या कार्डावर कुणाची तरी चूल पेटते. सर या स्पर्धेचे पहिल्या वर्षापासूनचे परीक्षक. मानधन नको, जाण्यायेण्याचा खर्चही नको, फक्त चहा चांगला पाहिजे, अशी त्यांची अट होती. चहाचाही वास घेऊनच प्यायचे.

त्यांच्या संशयाला या बाबतीत कारण होतं, हे सांगायला हवं. पहिल्याच वर्षी ज्या चित्राला पहिला नंबर मिळाला, ते त्या मुलाच्या मामाने काढलं होतं. मामा पाट्या रंगवणारा. कार्डं छापून झाली, घरोघर गेली आणि मग मामाच चहाच्या गाड्यावर बढाई मारत सुटला. संस्थेची शोभा झाली ती झालीच. सरांना ते इतकं लागलं की महिनाभर ते ऑफिसात फिरकले नाहीत. परत आले ते तांबडी पेन्सिल खिशाला लावून. "दवाखान्यातल्या पोरांच्या नावावर खोटं विकायचं न्हाय," ते म्हणाले. तेव्हापासून प्रत्येक अर्जावर 'हे चित्र माझ्या पाल्याने स्वतः काढले आहे' असं वाक्य आणि त्याखाली पालकांची सही बंधनकारक झाली. ज्या चित्रात मोठ्यांचा हात आहे असं सरांना वाटे, त्याच्या पाठीवर ते तांबड्या पेन्सिलीने शेरा मारायचे: 'हात मोठा'. हे दोन शब्द लिहिलेली चित्रं शाळांना परत धाडायचं काम माझं.

आणि खरं सांगायचं तर सर सहसा चुकत नसत. ट्रेस केलेली रेघ त्यांना दहा हातांवरून कळे. मोबाइलवरून उतरवलेलं चित्र बघून ते म्हणत, "ह्या आकाशकंदिलाला कोल्हापूरचा वारा लागलेलाच न्हाय." शेवटच्या फेरीतल्या मुलांना ऑफिसात बोलावून समोर बसवून काढायला लावायचे. एकदा एका मोठ्या घरची आई पेढ्यांचा पुडा घेऊन मुलासोबत आली. मुलाने अर्धा तास कागद कोराच ठेवला आणि भोकाड पसरून सांगून टाकलं की ते चित्र आईने काढलं. आईचा चेहरा बघवत नव्हता. सरांनी मुलाचं नाक पुसलं, त्याला दिवाळीत दारात केलेला मातीचा किल्ला काढायला सांगितलं आणि त्या ओबडधोबड किल्ल्याला उत्तेजनार्थ बक्षीस दिलं. पेढे मात्र परत केले. "तुमीच खावा, वहिनी. मेहनत तुमची हाय."

अशा माणसावर आपला विश्वास बसतो. सगळ्यांवर संशय घेणाऱ्यावर संशय घ्यावा असं आपल्याला सुचतच नाही. आमच्या ऑफिसात हळूहळू आम्ही सगळेच थोडे थोडे फौजदार झालो होतो. चित्र सुबक असलं की मीसुद्धा आधी भुवया उंचवायला शिकले होते.

त्या वर्षी गारगोटीकडच्या एका खेड्यातून एक चित्र आलं. सहावीतली मुलगी, नाव अंकिता. अर्जावर पालकाचा व्यवसाय: गुऱ्हाळावर चुलवाणाला जाळ घालणे. चित्रात दिवाळीची पहाट होती, पण पणत्या नव्हत्या, कंदील नव्हता. गुऱ्हाळाच्या चुलवाणाचं, म्हणजे भट्टीचं, तोंड उघडं होतं, आणि तिच्या उजेडात एक बाई एका मुलाच्या पाठीला तेल लावत होती. सगळा उजेड खालून आलेला. बाईच्या हनुवटीखाली, मुलाच्या कोपरावर, मागच्या चिपाडांच्या ढिगावर तो नारिंगी उजेड असा काही पडला होता की माझ्या हातातला चहा निवला. मी चित्र सरांपुढे ठेवलं. 

मग त्यांनी ते उलटं केलं, आणि पाठीवर मधोमध एक मोठा, रुंद अंगठा उमटलेला होता. मोठ्या माणसाचा. रंग चित्रातलाच, तो भट्टीचा नारिंगी. सरांनी अर्ज मागवला. सहीच्या जागी वडिलांचं नाव होतं, पण अक्षर वरच्या रकान्यांतलंच, मुलीचं. सर खुर्चीत मागे रेलले. सही खोटी आणि रंग लागलेला हात बापाचा, आता आणखी पुरावा काय पाहिजे, असं ते म्हणाले. समोर बसवून काढायला लावायची गरजही त्यांना वाटली नाही. त्यांनी अंगठ्याच्या शेजारी ठळक अक्षरात शेरा लिहिला. मी ते पाकीट बंद करून शाळेच्या पत्त्यावर पाठवलं. मला वाईट वाटलं, पण शंका आली नाही.

दिवाळी उलटल्यावर आठवड्याभराने अंकिताचा बाप ऑफिसात आला. अंगावर धुवट शर्ट, दंडावर भाजल्याचे जुने डाग, हातात खताच्या पिशवीत गुंडाळलेली सुरळी, आणि मागे शाळेच्या गणवेशातली मुलगी. सर नेमके चहाला आलेले होते. मी पाणी दिलं, ते त्याने घेतलं नाही. सुरळी उलगडून त्याने टेबलावर पालथी ठेवली आणि अंगठ्यावर बोट ठेवलं.

"पोरीनं वाचून दावलं, काय लिवलंय ते," तो म्हणाला. "व्हय, हात माझाच हाय. पर त्यो पाठीमागं हाय, गुरुजी. म्होरं सगळं तिचं हाय."

मग त्याने जे सांगितलं ते असं. अर्ज मुलीने शाळेत बसून भरला आणि वडिलांचं नाव माहीत होतं म्हणून तेही लिहून टाकलं. नंतर कुणीतरी तिला सांगितलं की पालकांची सही पालकांनीच करायची असते. अर्ज तर शाळेत बाईंकडे जमा झाला होता, घरी होतं फक्त चित्र. बापाला सही येत नव्हती. बँकेत, सोसायटीत तो अंगठाच द्यायचा. पण तिथे शाईचं पॅड असतं, आणि शेजारी 'निशाणी डावा अंगठा' असं लिहायला कारकून असतो. घरी यातलं काही नव्हतं. मुलीच्या वाटीत रंग होता. त्याने त्यात अंगठा बुडवला आणि कागदाच्या बरोब्बर मधोमध, कुणाला दिसला नाही असं होऊ नये म्हणून, नीट दाबून उमटवला. पोरीच्या चित्राला आपण साक्ष दिली याचा त्याला अभिमान वाटला होता, हे तो बोलला नाही, पण दिसत होतं.

सरांनी मला पॅड आणायला सांगितलं. मला त्यांची लाजच वाटली, पण आणलं. त्या माणसाने कोऱ्या कागदावर डावा अंगठा दिला. सरांनी भिंग काढून दोन्ही ठसे ताडून पाहिले. ठसा डाव्या अंगठ्याचाच होता, चुकून लागलेला नव्हे, मुद्दाम नीट दाबलेला. मग भिंग खाली ठेवून ते उभे राहिले आणि म्हणाले, "पावणं, चुकलं माझं." चौतीस वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं असेल असं मला वाटत नाही.

त्यांनी मुलीपुढे कागद ठेवला, आमच्या कपाटातले चांगले रंग काढून दिले आणि म्हणाले की तुला हवं ते काढ, पुढच्या वर्षीचं पहिलं कार्ड तुझंच. मुलीने रंगांकडे एकदा पाहिलं. मग दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ती बसून राहिली. बापाने दटावलं, तरी हलली नाही.

"तुमी परत मागं बघणार," ती सरांना म्हणाली. "मी न्हाय काढत."

बाप तिच्यावर चिडला तेव्हा सरांनीच त्याला अडवलं. चित्र निदान छापायला तरी ठेवून जा, असं मी म्हणाले, तर मुलीने ते माझ्या हाताखालून ओढलं, सुरळी केली आणि बापाच्या आधी दाराबाहेर जाऊन उभी राहिली.

पंधरा दिवसांनी सर मला घेऊन एसटीने गारगोटीला आणि तिथून वडापच्या जीपने त्या गावी गेले.  गुऱ्हाळावर त्या माणसाने आम्हाला बाजेवर बसवलं, रस दिला. सरांनी वास न घेता तो पिऊन टाकला. मग त्यांनी चित्राची चौकशी केली. त्या माणसाने भट्टीकडे मान वळवली. पोरीने ते त्याच दिवशी जाळात घातलं होतं. अंकिता चिपाडं ओढत होती, तिने आमचं बोलणं ऐकलं आणि जवळ येऊन शांतपणे म्हणाली, "त्याच्यावर लिवलं हुतं की तुमी. तसलं कसं ठेवायचं?"

परतताना सरांनी तांबडी पेन्सिल एसटीच्या खिडकीतून टाकली असं काही घडलं नाही. सर तसले नाटकी नव्हते. पण त्यानंतर त्यांनी कुठल्याही मुलाच्या चित्रावर काही लिहिलं नाही. सहीची अट काढायला लावली. संशय येई तेव्हा ते स्वतः एसटी पकडून त्या शाळेत जात आणि मुलांच्यात बसून येत. दवाखान्यातल्या मुलांच्या आईवडिलांना दिलेल्या आमच्या खोल्यांमध्येही जाऊन बसायला लागले. तिथल्या एका कोकणी बाईने मला विचारलं होतं, हे आजोबा नुसतेच बसून असतात, कोण आहेत? मी सांगितलं, आमचे सर आहेत.

स्पर्धा आठवीपर्यंतच्या मुलांची. सातवीत असताना अंकिताचं काही आलं नाही. शाळेच्या बाई फोनवर म्हणाल्या, चित्रकलेच्या तासाला ती वही मिटून बसते, आम्ही काय करणार. पुढच्या वर्षी सरांची तब्येत उतरली होती. तरी चित्रं स्वीकारायच्या शेवटच्या दिवशी ते सकाळीच ऑफिसात आले आणि दाराकडे तोंड करून बसले. टपाल आलं, शिपायांनी गठ्ठे आणून दिले, दोघी-तिघी आया धापा टाकत येऊन गेल्या. गारगोटीकडचं प्रत्येक पाकीट ते स्वतः फोडत होते. पाच वाजता मी रजिस्टर मिटलं. सर उठले नाहीत. आणखी थोडं थांबू म्हणाले. आम्ही थांबलो. रस्त्यावरची दुकानं दिव्यांच्या माळा लावायला लागली होती.

मला राहवलं नाही. मी म्हणाले, सर, किती दिवस मनाला लावून घेणार, तो अंगठाच तसा होता, कुणीही फसलं असतं.

"तुला काय वाटलेलं तवा? चित्र बघून?" सरांनी विचारलं.

मी खोटं बोलणार होते. त्यांच्याकडे बघून जमलं नाही. मलाही ते मोठ्या माणसाचंच वाटलं होतं, असं मी सांगितलं. का, म्हणून त्यांनी विचारलं, आणि मी मिटलेलं रजिस्टर उगाच पुन्हा उघडलं.

"मी सांगतो," सर म्हणाले. "गुऱ्हाळावरच्या माणसाच्या पोरीला एवढं येतंय, हे आपल्या डोस्क्यात बसलंच न्हाय. अंगठा निमित्त हुता, पोरी. त्यो नसता तर मी दुसरं कायतरी हुडकलं असतं."

पुढच्या पावसाळ्यात सर गेले. अंकिता आता दहावीत आहे. तिच्या वडिलांचा अधूनमधून फोन येतो, सगळं बरं चाललंय म्हणतात. ती चित्र काढते का, हे मी अजून विचारलेलं नाही.