उलटा जोडलेला पिकअप

माझ्या इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली दोन पिकअप आहेत. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. गळ्याकडचा गोल, भरदार बोलतो. तारा जिथे अडकवतात त्या टोकाजवळचा तिखट. पिकअप निवडायचा खटका मधोमध ठेवला की दोघं एकत्र बोलतात आणि तिसराच आवाज निघतो. सांगण्यासारखं खरं तर एवढंच आहे. गिटारवाले मात्र या विषयावर नव्याने दीक्षा घेतलेल्या भक्तांसारखे तासन्‌तास बोलू शकतात. मीही बोललो आहे.

माझ्या गिटारचा हा तिसरा आवाज आमच्या ऑर्केस्ट्रात दुसऱ्या कुणाकडे नव्हता. किनरा, पोकळ, नाकातून काढल्यासारखा. कसा काढतोस म्हणून कुणी विचारलं, की मी बोटांना श्रेय द्यायचो. खरं श्रेय बाबांचं होतं.

बाबा रेल्वेत इलेक्ट्रिशियन होते, आम्ही ठाकुर्लीला क्वार्टर्समध्ये राहायचो. कॉलेजात असताना मी घेतलेल्या सेकंडहँड गिटारचा एक पिकअप मेलेला होता. मी दुसऱ्या कंपनीचा आणला आणि बाबांनी तो बसवला. रविवारी सकाळी, आंघोळ करून, पूजेला बसावं तसे बसले. लाल वायरीला लाल, काळीला काळी. प्रत्येक कंपनी वायरींचे रंग आपल्या मर्जीने ठरवते, हे त्यांच्या मनात येणं शक्यच नव्हतं. रंगावर विश्वास न ठेवणारा माणूस त्यांच्या खात्यात निवृत्तीपर्यंत पोचत नसे. त्यामुळे नवा पिकअप उलटा जोडला गेला. एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो, खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात आणि उरतो तो किनरा आवाज.

मला हे महिन्याभरात कळलं. “कसा वाजतोय?” बाबा विचारायचे. “एक नंबर,” मी सांगायचो. आधी त्यांना वाईट वाटू नये म्हणून. पुढे तो आवाज मला खरंच आवडायला लागला, की आवडतो असं म्हणायची सवय लागली, हे आजही नक्की सांगता येत नाही. अशी वीस वर्षं गेली.

मग गेल्या वर्षी खटका खरखरायला लागला. बाबांचे हात आता थरथरतात, पण आपल्या माघारी परक्याने विजेची वस्तू उघडलेली त्यांना चालत नाही. म्हणून विठ्ठलवाडी स्टेशनाजवळच्या कारागिराकडे ते माझ्याबरोबर आले. त्याने खटका बदलला, सहज म्हणून मीटर लावला आणि हसला.

“कुठल्या शहाण्याने केलंय हे? एक पिकअप उलटा आहे.”

“मी,” बाबा म्हणाले.

कारागिराचं हसू तिथेच थांबलं. “सॉरी हं काका. पण सोल्डरचा टाका बघा तुमचा, इतकी वर्षं हलला नाही. असे टाके आता देतं कोण?”

“टाका राहू दे. चूक आहे की नाही?”

“चूक म्हणजे... काही लोक मुद्दाम करून घेतात ओ. फॅशन आहे.”

“मी फॅशन केली नव्हती.” बाबा माझ्याकडे वळले. “तुला माहीत होतं?”

“हो.”

“कधीपासून?”

“पहिल्या महिन्यापासून.”

“आणि मला एक नंबर, एक नंबर करत होतास.”

“मला तो आवाज आवडायचा, बाबा.”

“आवडू दे ना. पण सांगायचंस की रे! आमच्याकडे चुकीचं वायरिंग बघून गप्प बसणाऱ्याला मेमो मिळायचा. आणि तेव्हा हात चालत होते माझे. दुसऱ्या दिवशी उघडून सरळ केलं असतं.”

मी त्यांना जपतोय असं मला वाटत आलं होतं. त्यांच्या लेखी मी त्यांना निवृत्तीच्या कितीतरी आधी कामावरून काढून टाकलं होतं.

बाबांनी कारागिराकडे सोल्डरिंग गन मागितली. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग दिली आणि स्टूल पुढे सरकवलं. बाबांनी दोन्ही वायरी सोडवल्या. मी त्या अदलाबदल करून धरल्या. गनचं टोक दोनदा जागा चुकलं, सोल्डरचा एक थेंब लाकडावर पडला. तिसऱ्यांदा टाका बसला. चांगला टाका चकचकीत असतो. हा राखाडी होता, खडबडीत.

“मला दिसत नाही नीट,” बाबा म्हणाले. “तू बघ. कसा झालाय?”

कारागीर डब्यातले स्क्रू चाळू लागला.

“कच्चा आहे, बाबा,” मी म्हणालो. “जरा हलवला तर सुटेल.”

“मग बघत काय बसलास? घे.”

त्यांनी गन माझ्या हातात दिली, चष्मा वर ढकलला आणि मी वायर कशी धरतोय ते बघायला वाकले.