त्या डब्यात काय होतं

आमच्या विणकामाच्या गटात एक पद्धत आहे. शनिवारी एका बाईला पाटावर बसवायचं आणि बाकीच्या विचारतील त्याची उत्तरं तिनं द्यायची. पाट म्हणजे खरा पाट नव्हे, सगळा कारभार फोनवर. यातल्या एकीलाही मी समोरासमोर पाहिलेलं नाही. कुणी सांगलीची, कुणी ठाण्याची, एक तर दुबईत बसून लोकरीचे मोजे विणते, कुणासाठी ते तिलाच ठाऊक. पण हे गेल्यापासून घरात माझ्याशी बोलणारं दुसरं आहे तरी कोण? मुलगा बंगलोरला. तो रविवारी फोन करतो आणि 'जेवलीस का'च्या पुढे त्याची गाडी सरकत नाही.

माझी पाळी आली तेव्हा मी आधी कुरकुरच केली. अमरावतीच्या एका निवृत्त मास्तरणीला विचारणार काय, कपाळ? पण बायका सुटल्याच. तुमच्याकडे उन्हाळ्यात माणसं जगतात कशी? मी लिहिलं, कूलरमध्ये पाणी भरत. भाजीत एवढं तेल कशाला? मी लिहिलं, वर तर्री दिसली नाही तर आम्ही तिला भाजी म्हणत नाही, आजाऱ्याचं जेवण म्हणतो. एकीनं भीतभीत विचारलं की तुम्ही साधं बोलता तेव्हाही भांडल्यासारखं का वाटतं. तिला म्हटलं, बाई, एकदा भांडून दाखवते, मग फरक कळेल.

मजा येत होती, खोटं कशाला बोलू! कोणता रंग आवडतो, शाळेत कोणता विषय नकोसा वाटायचा, कुणाची भीती वाटायची, असलं मला कितीतरी वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं. मी पोळ्या टाकायच्या सोडून उत्तरं देत बसले होते.

मग सांगलीच्या बाईचा प्रश्न आला. तिला मी मागे कधीतरी भुलाबाईबद्दल सांगितलं होतं. तिनं लिहिलं, "ताई, तुमच्या घरचा कुणालाच ओळखता आला नाही असा खाऊ कोणता होता?"

आता भुलाबाई म्हणजे काय, तर भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत आम्हा वऱ्हाडातल्या पोरींचा सण. मातीचे भुलाबाई-भुलोजी मांडायचे, संध्याकाळी टिपऱ्या घेऊन घरोघर गाणी म्हणत फिरायचं. गाणी संपली की त्या घरची पोरगी झाकण लावलेला डबा घेऊन येते आणि सगळ्यांच्या कानाशी वाजवते. आत काय आहे ते बाकीच्यांनी ओळखायचं. गोड आहे का? हो. तळलेलं आहे का? नाही. असं विचारत विचारत पोचायचं. हो-नाही मात्र खरंच सांगायचं, त्यात लबाडी चालत नसे. पोरी हरल्या तर त्या घरचा मान मोठा, दुसऱ्या दिवशी गल्लीभर तेच बोलणं.

एका वर्षी आमच्या घरी सगळ्या हरल्या होत्या. मी डबा वाजवला तर आवाजच नाही. चिवडा, फुटाणे, खोबरं, पेढा, सगळं विचारून झालं. शेवटी त्या "हरलो" म्हणाल्या आणि मी झाकण काढलं. मग जो गलका झाला! आई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत बाहेर आलेली, पोरींचे वासलेले आ, सगळं मला लख्ख आठवतं. डब्यात काय होतं तेवढं आठवत नाही.

मी आठवून आठवून दमले. ती युक्ती दादाची होती, हे मात्र पक्कं. माझा मोठा भाऊ. पोरींच्या सणात पोरांना कोण विचारतं, पण माझा खाऊ कुणी ओळखू नये म्हणून तोच डोकं लढवायचा. पुढे कित्येक दिवाळ्यांना जेवणं झाली की तो हीच गोष्ट काढायचा आणि सगळ्यांना हसवायचा. मी तेव्हा आत भांडी आवरत असे. आपल्यालाच तर माहीत आहे, ऐकायचं काय त्यात, असं वाटायचं.

दादाला विचारणं आता सोपं नव्हतं. गेल्या हिवाळ्यात त्याला लकवा मारला, उजवं अंग गेलं आणि बोलणंही गेलं. अकोल्याच्या धान्य बाजारात त्याची अडत होती. हर्रास, म्हणजे मालाचा लिलाव, बोलायला उभा राहिला की त्याचा आवाज फाटकाबाहेरच्या चहावाल्याला ऐकू जायचा, असा माणूस. दवाखान्यात होता तेव्हा मी जाऊन आले, त्यानंतर मात्र गेले नव्हते. वहिनी फोनवर म्हणाल्या होत्या की कधी पोटच्या पोराला ओळखत नाहीत, कधी शेजाऱ्याला पाहून हसतात. ते ऐकल्यापासून माझे पायच उचलत नव्हते. आई-बाबा गेले, हे गेले. मी परकरात धावत होते तेव्हापासून मला पाहिलेलं माणूस दादाशिवाय कुणी उरलं नाही. त्यानंही मला ओळखलं नाही तर काय करायचं, ही भीती मी कुणाला सांगितली नव्हती.

आठवत नाही असं मी गटात लिहिलं, तर दुबईवाली म्हणाली, ताई, काहीही ठोकून द्या, कोण बघायला येतंय! मला असा राग आला की मी फोन पालथा टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी अकोल्याची एसटी धरली. खाऊचं निमित्त होतं हो. मला दादाला बघायचं होतं, आणि नुसतं बघायला जायची हिंमत होत नव्हती. मूर्तिजापूर येईपर्यंत दोनदा वाटलं की उतरावं आणि परत फिरावं.

दादा खिडकीजवळच्या खाटेवर उशीला टेकून बसला होता. दाढी केलेली, अंगात धुवट बंडी. इतका वाळला होता की गळ्याच्या शिरा मोजाव्यात. वहिनींनी मला पाणी दिलं आणि चहा ठेवायला आत गेल्या. मी त्याच्याजवळ बसले, त्याचा डावा हात हातात घेतला आणि घरात आम्ही बोलायचो तसंच विचारलं, "दादा, भुलाबाईचा तो खाऊ आठवते का तुले? कोनालेच ओळखू आला नाई, तो?"

"हो," दादा म्हणाला.

स्पष्ट म्हणाला. मला तर रडूच फुटलं. म्हणजे आहे, याच्यात सगळं शाबूत आहे! नाव सांगता येत नसेल तर नसो, आपण एकेक विचारू. गोड होता का? हो. घरीच केला होता का? हो. मी लहान पोरीसारखी सरसावून बसले. मग म्हणून पाहिलं, तिखट होता का? हो. बाजारातून आणला होता? हो.

आतून वहिनी म्हणाल्या, "बाई, तेवढाच एक शब्द राह्यला त्यायच्याजवळ. काहीबी विचारा, हो म्हनतात. परवा डॉक्टरनं विचारलं, तुमी बाई आहे का, तरी हो म्हनले."

मी हसले. हसू आलंच, काय करू? मला हसताना पाहून दादाही अर्ध्या तोंडानं हसला, आणि तो अगदी पहिल्यासारखा दिसला. म्हटलं, जाऊ दे खाऊ. एवढ्या लांबून आलोच आहोत तर जे विचारायचं ते विचारून घ्यावं. त्याच्याकडून काय उत्तर येणार ते तर कळलंच होतं. खोटं का होईना, ते एकदा त्याच्या तोंडून ऐकून घेऊ. मी डोळे पुसले आणि त्याच्या तोंडाजवळ वाकले.

"दादा, मले ओळखलं का?"

त्याचं हसू थांबलं. तो माझ्याकडे बघायला लागला. कपाळ, डोळे, केस, परत डोळे. ओठ हलले. मी थांबले. "दादा, मी होय," म्हटलं, आणि परत तेच विचारलं. तो बघतच राहिला, अनोळखी माणसानं घरात येऊन हात धरला तर आपण बघू तसा, आणि मग त्यानं तो हात हळूच माझ्या हातातून काढून घेतला.

वहिनी चहा घेऊन आल्या. कप खाटेच्या कडेला ठेवून त्यांनी दादाच्या गळ्याशी टॉवेल लावला.

"चहा घेता ना?" त्यांनी विचारलं.

"हो," दादा म्हणाला.