हरणाऱ्यांच्या मागे बसणारा

नानाखेड्याच्या मैदानावर आम्ही रिटायर्ड मंडळी सकाळी व्हॉलीबॉल खेळतो. तिथे रोज एक गृहस्थ स्कूटर थांबवतात आणि डोक्यावरचं हेल्मेट न काढताच, मांडीवर जेवणाचा डबा घेऊन, हरणाऱ्या टीमच्या मागे बसून इथल्या हिंदीत ओरडतात, "अरे भिया, उठाओ!" (भिया म्हणजे भैया). ती टीम पुढे गेली, की डबा उचलून पलीकडच्या टीममागे जाऊन बसतात.

एकदा मी चिडून विचारलं, "अहो, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूचे?"

"बराबरीच्या," ते म्हणाले. "मॅच संपली की मला ऑफिसला जावं लागतं ना!"

आम्ही जिंकायला लागलो, की हल्ली मागचा रिकामा कट्टा फार भकास वाटतो. मग मी एखादी सर्व्हिस सरळ नेटमध्ये मारतो, कपाळावर हात मारून घेतो आणि पलीकडचं हेल्मेट उठतंय का ते हळूच बघतो.