ज्यांनी ‘मला माहीत नाही’ म्हटले

रेव्हरंड शामुवेल गवळी यांना मी प्रथम पाहिले ते कारंजाच्या बाजारात. मी मिशनच्या शाळेत नुकतीच शिक्षिका म्हणून आले होते. साहेब भर उन्हात उभे राहून सांगत होते की, माणूस देवाला निवडत नाही, जग घडण्याआधीच देव तारणासाठी माणसे निवडतो. बांगड्या विकणाऱ्या रहीमचाचांनी दुकानातूनच विचारले, “पादरीसाहेब, देवानं पयलेच निवडून ठेवले, तर तुमी गला कायले सुकवून राह्यले?”

“कोण निवडला ते मले माहीत नाही, चाचा. म्हून साऱ्याइले सांगतो.”

चाचांनी हसून त्यांना पाणी दिले.

पुढे मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची, साथ आली. साहेब घरोघर जाऊन आजाऱ्यांचे अंथरूण बदलत. गणपतराव नावाचे भाजीवाले माळी आमच्या आजारी ख्रिस्ती घरांत पेज नेऊन देत. त्यांचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. त्यांची पत्नी सखूबाई मात्र बाप्तिस्मा घेऊन मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, आल्या होत्या. त्या साथीतच गणपतराव गेले. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांपैकी एक ‘वडील’ सखूबाईंना म्हणाले, “त्याची निवडच नव्हती.” बाईंनी उपासनेला येणे सोडले.

साहेब मला बरोबर घेऊन त्यांच्या मळ्यात गेले. बाई वांग्यांना पाणी देत होत्या.

“उपासनेले काहून येत नाही, बाई?”

“येऊन काय करू? माह्या मालकानं तुमच्या लोकाइले पेज पाजली, त्यातच तो गेला. अन् देवाले तो नको होता म्हणता. हा कुठला न्याय?”

साहेब बांधावर बसले. म्हणाले, “कोणी लायक असते म्हून देव निवडत नाही, एवढं मले समजते. गणपतरावाचं मले माहीत नाही. पण तो देवाच्या निवडीबाहेर राह्यला, हे सांगाचा हक्क त्या वडलाले नाही. मलेही नाही.”

“म्हंजे तुमच्यापाशी उत्तर नाही.”

“नाही.”

पुढच्या रविवारी त्यांनी हेच उपदेशात सांगितले. मिशनच्या वरिष्ठांकडे तक्रार गेली. त्यांना अमरावतीची मोठी मंडळी मिळायची होती, मिळाले कामरगावसारखे खेडे. साहेब बैलगाडीत सामान चढवू लागले. मी वेशीपर्यंत पोचवायला गेले, तेव्हा मला एवढेच म्हणाले, “मी थकलो, बाई. ही शिकवण खरी आहे असे मी मानतो. पण रडणाऱ्या माणसापुढे ती उच्चारताना जीभ जड होते.”

काही महिन्यांनी सखूबाई कारंजाच्या उपासनेला परत आल्या. दाराजवळ बसल्या. मी कारण विचारले, तर म्हणाल्या, “साहेबाइनं माहीत नाही म्हटलं, म्हून आली.”

साहेबांना आता साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाचे कळताच ते वैतागले. “ज्याला देवाकडून सगळे फुकट मिळाले, त्याचा सत्कार कसला?” मंडळी लहान झाली आहे, आम्ही सारे दमलो आहोत, साहेबांचे डोळेही अधू झाले आहेत. देवाने त्यांची नजर आणि गुडघे सांभाळावेत. सखूबाईंच्या प्रश्नाचे उत्तर देवाजवळ गेल्यावरच कळेल, असे ते म्हणतात. ते सांगायला देवाने त्यांना फार उशिरा बोलवावे.