अडुसष्ट अंश

ईशा, मिहिर — ही गोष्ट मी कोणालाच सांगितलेली नाही. तुमच्या आजोबांनाही नाही. आता सांगते, कारण परवा ईशा फोनवर म्हणाली, "आजी, लॅबमध्ये सगळे माझ्या शिस्तीचं कौतुक करतात. तुझ्याकडूनच आलीय ती." मी हसले. फोन ठेवला आणि — काय सांगू — रात्री जेवण गेलं नाही.

पेणच्या त्या छोट्या प्रयोगशाळेत आम्ही दोघी होतो, मी आणि जुबेदा. दोघी रोह्याच्या, सकाळी एकाच गाडीने यायचो. क्षयाच्या जंतूंना वाढायला अंड्यांचं खाद्य लागतं. ते आम्हीच करायचो, अंडी फोडून, हिरवा रंग घालून. बोटं कायम हिरवी. "जंतूंचे लाड बघ गो, मॅडम! घरात पोरांना अंडं नाय नि ह्यांना रोज मेजवानी," जुबेदा म्हणायची. 'मॅडम' हे माझ्या इंग्रजीला चिडवणं. किती हसायचो! तो कच्च्या अंड्यांचा वाससुद्धा मला हवासा वाटतो आता. मग अशा दिवसांत हे कसं घडलं? — घडलं नाही. मी केलं.

बाटलीत वाढलेले जंतू क्षयाचेच, की त्यांच्या भाऊबंदांपैकी, हे ओळखायची एक चाचणी होती. नळी अडुसष्ट अंशांच्या पाण्यात ठेवायची, मग वरून औषध घालायचं. बुडबुडे आले नाहीत तर क्षय. आले तर दुसरं काही. पण पाणी तेवढं तापलेलं हवं. कमी तापलं तर क्षयाचे जंतूही बुडबुडे देतात.

त्या दिवशीची नळी गडब गावच्या सुलभाची. घरची वालाची शेती, मांडीवर तान्हं मूल. दुसऱ्या चाचणीतून नीट काही कळलं नव्हतं, म्हणून डॉक्टर या नळीसाठी थांबले होते. सकाळी विजेवर तापणाऱ्या पाण्याच्या पेटीचा अंशांचा काटा जुबेदाने लावला आणि मुलीला ताप म्हणून ती लवकर घरी गेली. दुपारी वीज गेली. बऱ्याच वेळाने आली. मी थर्मामीटर पाहिला — हो, पाहिला. पारा अडुसष्टच्या बराच खाली होता. पुन्हा करायचं तर रोह्याची गाडी चुकली असती, आणि घरी पाहुणे येणार होते. औषध घातलं. बुडबुडे आले. मी लिहिलं — क्षय नाही.

सुलभाच्या चालू असलेल्या क्षयाच्या गोळ्या बंद झाल्या. काही महिन्यांनी ती परत आली ती खोकल्यातून रक्त पडतंय म्हणून. डॉक्टरांनी आम्हा दोघींना विचारलं, पाणी कोणी लावलं होतं?

"काटा मीच लावलेला, सर," जुबेदा म्हणाली. "माझंच चुकलं असंल."

वीज गेली होती हे तिला ठाऊक नव्हतं. मला होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी नळ्या धूत राहिले.

तिला कोणी काढलं नाही. पण ती एकच नळी तीन-तीनदा तपासायला लागली, आणि शेवटी तिने काम सोडलं. शेवटच्या दिवशी परतीच्या गाडीत मी तिला रोह्याच्या आधीच्या निडी स्टेशनपर्यंत समजावत होते — होतं गं असं, माणूस आहे. तिला माफ केल्यासारखी बोलत होते मी! याहून हलकं काय असतं?

भीती कशाची होती? नोकरीची? ती काही गेली नसती. शिस्तीची बाई म्हणून माझं नाव होतं — तेवढ्यासाठी.

सुलभा वाचली. एक फुप्फुस कायमचं निकामी झालं. चढण चढताना आजही तिला दम लागतो. जुबेदा इथेच रोह्यात असते, मुलगा आखातात आहे. दर ईदेला ती शीरखुर्म्याचा डबा घेऊन गडबला सुलभाकडे जाते.

जुबेदा आजही समजते की चूक तिची होती.