दोरीवरचं मीठ

माझी नात सुवर्णा दिवसभर कापडाच्या दुकानात उभी असते आणि पोलीस भरतीसाठी रात्री मैदानावर धावते. आल्यावर घामाचा काळा टी-शर्ट तसाच दोरीवर टाकते. सकाळी त्याच्या पाठीवर पांढऱ्या रेघा उमटलेल्या असतात. आज बोट लावून चाखलं. मीठ.

मी खडी फोडायला जायचे तेव्हा माझ्या चोळीवरही असंच मीठ फुटायचं. भाकरीबरोबर मिठाचा खडा चघळला की पुन्हा घण उचलवायचा. अंगातून गेलेलं ताटातून परत यावं लागतं. चुलीवरचं पाणी आटलं तर आपण ओततोच की.

पण सुवर्णानं भरतीसाठी अळणी सोमवार धरलेत. काल सोमवारी ती धावून आली, तांब्यावर तांब्या नुसतं पाणी प्यायली आणि पोटऱ्यांत गोळे येऊन कळवळत बसली. मैदानी चाचणी पुढच्या मंगळवारी आहे.

"येता सोमवार मीठ खाऊन काढायचा," मी आज तिला सांगितलं.

"नवस मोडला तर देव कोपेल, आजी."

"देवाला पळायचं नाही, तुला पळायचंय."

"आणि भरती हुकली तर?"

"चाचणीत गोळा आला तर हुकेलच. तुझे सोमवार मी पुरे करते. मला कुठं पळायचंय?"

ती हसली. "तू? तू तर आमटीत वरून मीठ घेतेस."

घेते. अळणी घास माझ्या घशाखाली उतरत नाही. सोमवारी उतरवीन. दोरीवरचा टी-शर्ट मात्र पांढरा झालाच पाहिजे.